निळ्या टोपीमागचा माणूस : डाग हॅमरशोल्ड

माझ्या आजोळच्या घरी माळ्यावर एक काळी लोखंडी पेटी आहे. दर दिवाळीला घर झाडण्याच्या निमित्ताने ती खाली उतरते. तिच्यात मामांचे सैन्यातले कपडे, दोन पदके, काही फोटो आणि एक आकाशी निळ्या रंगाची टोपी आहे. लहानपणी मी ती डोक्यावर घालून अंगणात मिरवत असे. ही टोपी युनोची आहे, २०११ साली आफ्रिकेतल्या काँगो देशात असताना मिळाली, एवढेच मामा सांगत. आजीला मात्र त्या टोपीचा राग होता. सीमा आपली नाही, भांडण आपले नाही, मग परक्या मुलखात माझे पोर कुणाची राखण करायला गेले होते, असा तिचा सरळ प्रश्न असे. मामा त्यावर फक्त लोकांची असे म्हणत आणि गोठ्याकडे निघून जात.

कॉलेज जवळ पडते म्हणून बारावीनंतर मी आजोळीच राहते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. यंदा राज्यशास्त्राच्या तासाला आम्हाला मानवी सुरक्षा ही संकल्पना शिकवण्यात आली आणि तीवर टिपण लिहावयास सांगण्यात आले. सुरक्षा म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर सीमा, तारेचे कुंपण आणि बंदूकधारी जवान येत असे. परंतु माणसाला पोटभर अन्न मिळणे, आजारात औषध मिळणे, मुलीला अंधारातून निर्धास्तपणे घरी येता येणे हीसुद्धा सुरक्षाच होय, हे प्रथमच कानी पडले. संध्याकाळच्या गाडीतून मी उतरेपर्यंत आजी दारात उभी असते. तिच्या त्या उभे राहण्यालाही पुस्तकात जागा आहे, याचे मला नवल वाटले.

टिपणासाठी ग्रंथालयात पुस्तके चाळताना मला त्या निळ्या टोपीचा उगम सापडला. त्यामागे एक माणूस उभा होता. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचे नाव युनोच्या सरचिटणिसांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि परीक्षेपुरते ते पाठ करून आम्ही सोडून देतो. त्या डाग हॅमरशोल्ड यांची जीवनकहाणी माझ्या कुवतीप्रमाणे येथे सांगत आहे.

डाग हॅमरशोल्ड यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमधील यनशॉपिंग या गावी झाला. चार भावांत ते धाकटे. घराणे पिढ्यान्‌पिढ्या सरकारी सेवेतले. वडील याल्मार हे उप्साला प्रांताचे गव्हर्नर असल्याने डाग यांचे बालपण उप्सालाच्या जुन्या किल्ल्यात गेले. पुस्तके होती, मान होता, कशालाच तोटा नव्हता. आमच्यासारख्यांना असे बालपण परीकथेतले वाटावे. परंतु या बालपणावर एक सावली होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा याल्मार हॅमरशोल्ड स्वीडनचे पंतप्रधान होते. त्यांनी देशाला युद्धापासून अलिप्त ठेवले. एकाही शत्रूने सीमा ओलांडली नाही. पण समुद्रावरील व्यापार अडला, धान्य येईना आणि लोकांच्या पोटाला चिमटा बसू लागला. लोकांनी याचा दोष पंतप्रधानांना दिला. त्यांच्या आडनावातील शोल्ड या शब्दाचा अर्थ ढाल. लोक त्यांना हंगरशोल्ड, म्हणजे भुकेची ढाल, असे उपहासाने म्हणू लागले. १९१७ च्या मार्चमध्ये त्यांना पद सोडावे लागले. डाग त्या वेळी अकरा वर्षांचे होते. सीमा शाबूत आणि माणूस उपाशी, असे होऊ शकते हे त्यांनी आपल्याच घराण्याच्या नावावर लोकांनी लिहिलेले पाहिले. त्या मुलाच्या मनात तेव्हा काय आले असेल हे कोण सांगणार! पण पुढे त्यांनी जे काम निवडले ते पाहता हा धडा वाया गेला नाही असे मला वाटते.

उप्साला विद्यापीठात त्यांनी साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि कायदा या विषयांचा अभ्यास केला. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली. कारखाने बंद पडले, हात रिकामे झाले. स्वीडन सरकारने बेकारीच्या प्रश्नावर एक समिती नेमली, तिचे चिटणीस म्हणून तरुण हॅमरशोल्ड यांनी चार वर्षे काम केले. त्याच काळात, १९३३ साली, त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पुढे ते अर्थखात्याचे सचिव झाले, मध्यवर्ती बँकेच्या मंडळाचे अध्यक्ष झाले, परराष्ट्र खात्यात आले आणि १९५१ साली मंत्रिमंडळातही बसले. विशेष म्हणजे ते कोणत्याच राजकीय पक्षाचे सभासद झाले नाहीत. सरकारी नोकराने पक्षाचे नव्हे तर लोकांचे काम करावे, ही त्यांची निष्ठा होती. त्यांनी लग्न केले नाही. काम, पुस्तके आणि डोंगर हेच त्यांचे सोबती होते.

१९५३ साली युनोचे पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली पायउतार होत होते. कोरियाच्या युद्धामुळे रशिया व अमेरिका यांचे एकाही नावावर एकमत होईना. अखेर कुणाला फारसा त्रास न देणारा, शांत, हिशेबी अधिकारी म्हणून हॅमरशोल्ड यांचे नाव पुढे आले. ही बातमी त्यांना एप्रिलच्या पहिल्या तारखेच्या सुमारास समजली, तेव्हा कुणी तरी थट्टा करीत आहे असेच त्यांना वाटले, असे सांगतात. १० एप्रिल १९५३ रोजी त्यांनी शपथ घेतली. मोठ्या राष्ट्रांना एक कारकून हवा होता. त्यांना माणूस मिळाला.

न्यूयॉर्कला आल्यावर ते कचेरीच्या मजल्यामजल्यावर जाऊन हजारो कर्मचाऱ्यांना भेटले. त्या काळी अमेरिकेत कम्युनिस्टांचा संशय इतका बोकाळला होता की अमेरिकन गुप्त पोलीस युनोच्या इमारतीत बसून कर्मचाऱ्यांची चौकशी करीत. हॅमरशोल्ड यांनी त्यांना तेथून बाहेर काढले. आपल्या हाताखालच्या माणसाला भीती वाटता कामा नये, मग शिपाई असो वा अधिकारी, असे त्यांचे धोरण होते.

त्यांची पहिली मोठी कसोटीही माणसांच्या सुटकेचीच होती. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अकरा अमेरिकन वैमानिकांना चीनने हेर ठरवून तुरुंगात टाकले होते. चीनच्या कम्युनिस्ट सरकारला त्या वेळी युनोत जागाही नव्हती. १९५५ च्या जानेवारीत हॅमरशोल्ड स्वतः पेकिंगला गेले आणि चाऊ एन लाय यांच्याशी बोलले. गाजावाजा केला नाही, धमकी दिली नाही. हाती काहीच न घेता ते परतले म्हणून लोक हसले. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्या सर्वांची सुटका झाली.

आता निळ्या टोपीकडे येऊ. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्राएलने इजिप्तवर हल्ला चढविला आणि पाठोपाठ ब्रिटन व फ्रान्सही उतरले. सुरक्षा समितीत ब्रिटन-फ्रान्सचा नकाराधिकार असल्याने ती हतबल झाली. मग प्रश्न आमसभेत गेला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी सुचविले की लढणाऱ्यांच्या मध्ये युनोने स्वतःची सेना उभी करावी. ४ नोव्हेंबरच्या पहाटे आमसभेने सरचिटणिसांना अठ्ठेचाळीस तासांत योजना देण्यास सांगितले. अशी सेना जगात पूर्वी कधीच नव्हती. तिला नियम नव्हते, पैसा नव्हता, गणवेशही नव्हता. हॅमरशोल्ड यांनी झोपेला रजा दिली आणि मुदतीत योजना तयार केली. त्याच महिन्यात पहिल्या तुकड्या इजिप्तमध्ये उतरल्या. दहा देशांचे सुमारे सहा हजार सैनिक त्या सेनेत होते आणि त्यांत आपले भारतीय जवानही होते.

निळ्या रंगाची गोष्ट मजेची आहे. इजिप्तमध्ये ब्रिटिश सैनिक होतेच. त्यांच्यात आणि युनोच्या सैनिकांत गल्लत झाली तर गोळ्या चालायच्या. निळ्या टोप्या शिवून घ्यायला वेळ नव्हता. म्हणून अमेरिकन सैन्याच्या शिरस्त्राणांचे अस्तर-टोप आणून त्यांना युनोचा निळा रंग फासण्यात आला. घाईघाईत फासलेला तो रंग आज जगभर शांतिसेनेची खूण झाला आहे.

रंगाइतकेच महत्त्वाचे होते ते नियम. शांतिसेना ज्या देशात जाईल त्या देशाची संमती हवी. तिने कोणाची बाजू घेऊ नये. स्वसंरक्षणाखेरीज शस्त्र वापरू नये. हॅमरशोल्ड यांनी हे नियम अनुभवातून घडविले आणि १९५८ साली त्यांचा अहवाल मांडला. दोन देशांच्या सैन्यांमध्ये उभे राहण्यासाठी ते उत्तम होते. पण एक प्रश्न त्यांत राहून गेला होता. सैनिक दोन देशांचे नसतील, एकाच देशातले लोक एकमेकांच्या जिवावर उठले असतील, आणि मरणारा सैनिक नसून साधा शेतकरी, बाई, मूल असेल, तर निळ्या टोपीने काय करावे? हा प्रश्न दोनच वर्षांत समोर येऊन उभा राहिला. त्या ठिकाणाचे नाव होते काँगो.

काँगो हा आकाराने भारताच्या सुमारे सत्तर टक्के असलेला देश. तेथील कटांगा प्रांतात तांब्याच्या आणि कोबाल्टच्या खाणी. बेल्जियमने या देशावर दीर्घकाळ राज्य केले, खाणी उपसल्या, पण माणसे शिकविली नाहीत. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला तेव्हा त्या अवाढव्य देशात पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते आणि काँगोचा स्वतःचा डॉक्टर एकही नव्हता. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. घरातली पहिली शिकणारी म्हणून माझे कौतुक होते. येथे एका देशालाच शिकण्यापासून दूर ठेवले होते, आणि एका दिवशी सांगितले गेले की आता तुमचे तुम्ही चालवा.

आठवडाभरातच सैन्याने बंड केले. गोरे अधिकारी आणि डॉक्टर पळाले. बेल्जियमने आपल्या लोकांच्या रक्षणासाठी म्हणून फौज उतरविली. ११ जुलैला शोंबे यांनी कटांगा प्रांत वेगळा झाल्याचे जाहीर केले. अध्यक्ष कासावुबु आणि पंतप्रधान लुमुंबा यांनी युनोकडे धाव घेतली. १४ जुलैला सुरक्षा समितीने ठराव केला आणि दोन दिवसांच्या आत शांतिसेनेचे पहिले सैनिक काँगोत उतरले. पुढे ही संख्या वीस हजारांच्या घरात गेली.

हॅमरशोल्ड यांनी केवळ सैनिक पाठविले नाहीत, ही गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर, तारायंत्र आणि विमानतळ चालविणारे तंत्रज्ञ असे कितीतरी लोक युनोच्या वतीने काँगोत गेले. नुसती बंदूक थांबवून शांतता येत नाही, दवाखाना उघडा राहिला पाहिजे, पाणी आले पाहिजे, धान्य पोहोचले पाहिजे, हे बेकारी समितीच्या त्या जुन्या चिटणिसाला कुणी शिकविण्याची गरज नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस दक्षिण कसाई प्रांतात बलुबा जमातीच्या निर्वासितांवर दुष्काळ कोसळला, तेव्हा युनोने तेथे धान्य पोहोचविण्याची मोहीम काढली.

पण त्याआधीच, ऑगस्टच्या अखेरीस, याच प्रांतातील बाक्वांगा येथे काँगोच्या सैन्याने बलुबांची कत्तल केली होती. नियमाप्रमाणे ही देशांतर्गत बाब होती आणि शांतिसेनेने तीत पडायचे नव्हते. हॅमरशोल्ड यांना ते सहन झाले नाही. या प्रकारात वंशविच्छेदाची लक्षणे दिसतात, असे त्यांनी सुरक्षा समितीपुढे सांगितले. निःशस्त्र लोकांची कत्तल ही कोणाच्याही घरची खासगी बाब मानता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होऊ लागली. त्यांनीच घालून दिलेला नियम आणि त्यांचेच मन यांच्यात येथे झगडा सुरू झाला.

या झगड्यात त्यांच्याकडून चुका झाल्या नाहीत असे नाही आणि त्या लपविणे मला योग्य वाटत नाही. सप्टेंबर १९६० मध्ये कासावुबु आणि लुमुंबा यांचे फाटले. त्या वेळी युनोच्या तेथील अधिकाऱ्याने विमानतळ आणि रेडिओ केंद्र बंद केले. उद्देश रक्तपात टाळण्याचा होता, पण तोटा लुमुंबांचा झाला. पुढे लुमुंबांच्या घराभोवती युनोचे सैनिक पहाऱ्यावर होते. नोव्हेंबरच्या अखेरीस ते घरातून निसटले आणि वाटेत पकडले गेले. शांतिसेनेचे सैनिक जवळपास असूनही त्यांनी हस्तक्षेप केला नाही, कारण नियम तसा नव्हता. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगामध्ये लुमुंबांची दोन सहकाऱ्यांसह हत्या झाली. स्वतंत्र काँगोचा पहिला पंतप्रधान, वय अवघे पस्तीस. ज्याने युनोला बोलावले त्याचेच प्राण युनो वाचवू शकली नाही. हा डाग हॅमरशोल्ड यांच्या नावावर राहिलाच. तटस्थ राहणे म्हणजे नेहमी निर्दोष राहणे नव्हे, हे त्यातून कळते.

इकडे मोठी राष्ट्रेही त्यांच्यावर उलटली होती. १९६० च्या शरद ऋतूतील आमसभेत रशियाचे क्रुश्चेव्ह यांनी त्यांच्या राजीनाम्याची मागणी केली आणि सरचिटणिसाच्या जागी तिघांचे मंडळ असावे असे सुचविले. हॅमरशोल्ड यांनी शांतपणे उत्तर दिले. बड्या राष्ट्रांना आपल्या संरक्षणासाठी युनोची गरज नाही, ती इतर सर्वांना आहे. त्या लहान राष्ट्रांची इच्छा असेतो मी जागा सोडणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृहात टाळ्यांचा गजर झाला. गावच्या पंचायतीत दुबळ्याच्या बाजूने एखादा माणूस ठाम उभा राहिला की जसे वाटते, तसेच हा प्रसंग वाचताना वाटले.

लुमुंबांच्या हत्येनंतर सुरक्षा समितीचे डोळे उघडले. २१ फेब्रुवारी १९६१ च्या ठरावाने, यादवी युद्ध टाळण्यासाठी अखेरचा उपाय म्हणून बळ वापरण्याची परवानगी शांतिसेनेला मिळाली. पंडित नेहरूंनी याच सुमारास भारताची एक संपूर्ण ब्रिगेड काँगोला पाठविली. उन्हाळ्याच्या अखेरीस कटांगाच्या एलिझाबेथव्हिल शहरात, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीत, बलुबा लोक छळाला भिऊन युनोच्या छावणीजवळ येऊन बसू लागले. प्रथम शेकडो, मग हजारो, मग दहादहा हजार. गणवेशधारी परदेशी सैनिकांच्या आसऱ्याला आलेली ती माणसे कोणत्याही तहात किंवा ठरावात बसत नव्हती. त्यांना कुंपणाबाहेर काढता येत नव्हते. त्यांना पाणी, अन्न, औषध आणि पहारा द्यावा लागला. मला वाटते, मानवी सुरक्षा हा शब्द जन्माला येण्यापूर्वी तिचा धडा शांतिसेनेला त्या छावणीत मिळाला.

१३ सप्टेंबर १९६१ रोजी कटांगातील परकीय भाडोत्री सैनिकांना हटविण्यासाठी युनोने कारवाई केली. तिला मोर्थोर असे नाव होते. हिंदीतील मोडतोडीच्या शब्दावरून ते घेतले, असे म्हणतात. कारवाई फसली आणि लढाई पेटली. त्याच दिवशी लिओपोल्डव्हिलला पोहोचलेल्या हॅमरशोल्ड यांनी लढाई थांबविण्यासाठी शोंबे यांना समक्ष भेटण्याचे ठरविले. भेट सरहद्दीपलीकडे उत्तर ऱ्होडेशियातील एन्डोला येथे व्हायची होती. हा भाग आता झांबियात आहे. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांचे विमान निघाले. कटांगाचे लढाऊ विमान टाळण्यासाठी ते लांबच्या वाटेने गेले. मध्यरात्रीनंतर, एन्डोला विमानतळापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, ते जंगलात कोसळले. विमानात सोळा जण होते. त्यांतला एक जण काही दिवस जगला, पण अखेर कुणीच वाचले नाही. डाग हॅमरशोल्ड यांचे वय तेव्हा छप्पन्न होते.

तो अपघात होता की घातपात, हा वाद साठ वर्षांनंतरही मिटला नाही. ऱ्होडेशियाच्या चौकशीने वैमानिकाची चूक ठरविली. युनोच्या १९६२ च्या चौकशीने कोणतेच कारण निश्चित केले नाही. २०१५ पासून टांझानियाचे न्यायमूर्ती मोहम्मद चांडे ओथमान यांच्याकडे युनोने नव्याने तपास सोपविला. बाहेरून हल्ला किंवा धोका झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे त्यांच्या २०१७ च्या अहवालात दिसते.

मृत्यूच्याच वर्षी, १९६१ साली, त्यांना मरणोत्तर नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाले. उप्सालाच्या दफनभूमीत, वडिलांच्या कुटुंबातच, त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या न्यूयॉर्कच्या घरी एक हस्तलिखित सापडले. त्यात राजकारणाचा, भेटीगाठींचा एक शब्द नव्हता. स्वतःच्या मनाशी आणि ईश्वराशी केलेला तो संवाद होता. १९६३ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळच्या लोकांनाही हा माणूस नव्याने कळला.

ते गेल्यानंतरही काम थांबले नाही. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे भारताचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढताना धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. काँगोच्या त्या मोहिमेत युनोची सुमारे अडीचशे माणसे कामी आली. १९६३ च्या जानेवारीत कटांगाची फूट संपली आणि १९६४ साली शांतिसेना परतली.

काँगोचा अनुभव इतका कडू होता की पुढे बराच काळ असे काम अंगावर घेण्यास युनो धजेना. शीतयुद्ध संपल्यावर त्याची किंमत कळली. १९९४ साली रवांडात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली आणि त्याच वेळी तेथील शांतिसेना वाढविण्याऐवजी कमी करण्यात आली. १९९५ च्या जुलैत बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे, युनोने सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या जागी, आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. निळी टोपी तेथे होती, पण अपुरी आणि असहाय होती. बाक्वांगाचा प्रश्न पुन्हा पुढे आला होता.

१९९४ सालीच युनोच्या विकास कार्यक्रमाचा मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक त्यामागे होते. सुरक्षा देशाची नव्हे, माणसाची मोजा, असा त्याचा रोख होता. उत्पन्न, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्ती, समाज आणि राजकीय हक्क अशी सुरक्षेची सात अंगे त्यात सांगितली. १९९९ साली सिएरा लिओनला शांतिसेना पाठविताना सुरक्षा समितीने प्रथमच स्पष्ट लिहिले की धोक्यात सापडलेल्या नागरिकांचे रक्षण हेही तिचे काम आहे. २००३ साली सदाको ओगाता आणि आपले अमर्त्य सेन यांच्या आयोगाने मानवी सुरक्षेवर अहवाल दिला. २००७ साली भारताने लायबेरियाला केवळ महिला पोलिसांची तुकडी पाठविली. युनोच्या मोहिमेतील अशी ती पहिलीच. २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण सुदानमधील अकोबो येथे युनोच्या तळावर आसऱ्याला आलेल्या नागरिकांवर जमाव चालून गेला, तेव्हा दोन भारतीय सैनिकांनी प्राण दिले. शांतिसेनेत आजवर दीडशेहून अधिक भारतीय आणि सर्व देशांचे मिळून चार हजारांहून अधिक लोक कामी आले आहेत. १९९७ पासून त्यांना मरणोत्तर दिले जाणारे पदक डाग हॅमरशोल्ड यांच्याच नावाचे आहे.

हे सर्व वाचून झाल्यावर मी एका रात्री मामांना पुन्हा विचारले. या वेळी ते गोठ्याकडे गेले नाहीत. गोमा शहराजवळच्या ठाण्यावर ते होते. बाजाराच्या दिवशी बायका डोक्यावर भाजी आणि कंद घेऊन निघत, तेव्हा वाटेत कुणी लुटू नये, अब्रूवर हात टाकू नये, म्हणून यांची गाडी त्यांच्या मागे सावकाश चाले. गोळीबार झाला की रात्री माणसे मुलांना घेऊन छावणीच्या तारेशी येऊन बसत. एकदा एका वाडीत पोहोचायला उशीर झाला. पाऊस होता, रस्ता वाहून गेला होता. तेथे काय पाहिले ते मामांनी सांगितले नाही. आपण तासभर आधी पोहोचलो असतो तर, एवढेच म्हणून ते थांबले. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर पुन्हा बंडखोरांच्या हाती गेल्याची बातमी आली, त्या रात्री मामा जेवले नव्हते. ते का, हे मला आता कळले.

म्हणून हॅमरशोल्ड यांचे जीवन यशाची कहाणी म्हणून सांगता येत नाही. साठ वर्षांनंतरही काँगोत शांतता नाही. निळी टोपी कधी वेळेवर पोहोचते, कधी पोहोचत नाही. बड्या राष्ट्रांनी माणसे, पैसा आणि अधिकार दिले नाहीत तर ती नुसती टोपीच राहते. पण हॅमरशोल्ड यांच्या अगोदर अशा वेळी जाणारे कुणी नव्हते आणि गेले नाही म्हणून जाब विचारावा असेही कुणी नव्हते. आज निदान तो जाब विचारता येतो. दोन सैन्यांच्या मध्ये उभे राहण्यापासून बाजारला निघालेल्या बाईच्या मागे चालण्यापर्यंत शांतिसेनेने जी वाट चालली, तिचे पहिले आणि सर्वांत अवघड पाऊल त्यांच्या काळात काँगोत पडले. त्या पावलात चुका होत्या, आणि त्यांची किंमत लुमुंबांनी व पुढे स्वतः हॅमरशोल्ड यांनीही मोजली.

यंदा दिवाळीला पेटी खाली आली, तेव्हा आजी शेजारी बसली होती. मी तिला त्या बाजारच्या बायकांची गोष्ट सांगितली. तिने टोपी हातात घेतली, पदराने पुसली आणि त्या बायकांची भाजी विकली जायची का, असे मामांना विचारले. मामा हो म्हणाले. आजीने टोपी स्वतःच्या हाताने घडी करून पेटीत सगळ्यांत वर ठेवली.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला